तळाचा तुकडा

मी आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. सोडियमचा धडा आला की वर्ग खूश असायचा, कारण त्याचा तुकडा पाण्यात टाकला की तडतडतो आणि पेट घेतो. माझं मात्र तोंड कडू व्हायचं. माझ्या लेखी सोडियम म्हणजे हडपसरचा मामा.

आमचं बिऱ्हाड कसबा पेठेत, वडील खडकीच्या कारखान्यात नोकरीला. आईचं माहेर हडपसर, तेव्हा ते खेडंच होतं. आजोबांमागे सगळी जमीन मामाकडे राहिली आणि आईने कधी हिस्सा मागितला नाही. एका भाऊबीजेला तिने मामाला ओवाळलं, तेव्हा भरल्या घरात तो म्हणाला, "आक्का, वढ्याकडचा तळाचा तुकडा आजपासनं तुझा. हीच माझी ओवाळणी." बायकांनी तोंडात बोटं घातली. आईचे डोळे भरून आले. परतताना बसमध्ये मी म्हटलं, कागद करून घे. ती माझ्यावर खेकसली, "ओवाळणीचा कागद मागतं का कुणी?"

तुकडा चोपण होता. कालवा आल्यापासून वरच्या उसाला इतकं पाणी पाजलं होतं, की सगळे क्षार तळाला येऊन बसले होते. उन्हाळ्यात वर पांढरा पापुद्रा, पावसाळ्यात साबणासारखा बुळबुळीत चिखल. तिथे गवतसुद्धा धरत नव्हतं. म्हणजे जे नकोच होतं, ते मामाने बहिणीला दिलं होतं आणि वर गावभर वाहवा मिळवली होती.

मी तेव्हा कॉलेजात होते. शहाणपण उतू चाललं होतं. मी आईला समजावलं, की अशा मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतं, माती गच्च होते आणि पाणी आत मुरतच नाही. जिप्सम घातलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं. पण हुसकावलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर घालवावं लागतं. त्यासाठी ओढ्यापर्यंत खोल चर हवा, नाहीतर ते परत वर येतं.

आईने पाटल्या मोडल्या आणि जिप्समची पोती आणली. चर खणून घेतला. ताग पेरला आणि फुलावर येण्याआधी खत म्हणून मातीत गाडला. माझे तरुणपणातले रविवार त्या चिखलात गेले. मैत्रिणी सिनेमाला जायच्या आणि मी चरातला गाळ काढायचे. मामा बांधावर उभा राहून म्हणायचा, "आक्का, मीठ पिकलं की आम्हाला बी द्या थोडं!"

काही वर्षांनी तिथे मेथी आली. चांगली हिरवीगार, लुसलुशीत. आईने ती पिशव्या भरभरून आणली आणि आळीत घरोघर वाटली. "माझ्या शेतातली आहे," असं ती प्रत्येक दारात सांगत होती. त्या दिवसाइतकी खूश मी तिला पुढे कधी पाहिली नाही.

मग हडपसरला बिल्डर आले. मामाने ओढ्यापर्यंतची सगळी पट्टी विकली, तळाच्या तुकड्यासकट. आई विचारायला गेली तर तो शांतपणे म्हणाला, "सातबारा माझ्या नावावर हाय, आक्का. इतकी वरसं पिकवून खाल्लंस, मी कधी काय म्हणलो?" खरंच, काय म्हणणार होता!

आईने भांडण केलं नाही. तिने एवढंच सांगितलं, की चर बुजवू नका, खालचं खारं पाणी वर चढेल. मामा म्हणाला, "चर ठिवला तर गाड्या कुठं लावायच्या?" पायासाठी ती माती उपसली आणि ट्रक भरून कुठेतरी नेऊन टाकली. इमारतीला सुपीक माती काय करायची? मी इतकी चिडले होते, की मामाचं नावसुद्धा घरात काढू नको म्हणून आईला बजावलं. ती तरीही दर भाऊबीजेला जात राहिली. भाऊबीज चुकवायची नसते म्हणे.

मामाला त्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट मिळाला होता. एका भाऊबीजेला आईच्या गुडघ्यांमुळे मला तिच्यासोबत जावं लागलं. बैठकीच्या भिंतींना खालपासून कमरेपर्यंत लोणा आला होता. रंग फुगून सोलला होता आणि फरशीवर पांढरी भुकटी पडली होती. मामा हवालदिल झाला होता. "तीनदा रंग दिला, आक्का. राहतच न्हाई. तुला ह्यातलं कळतं, काय करू सांग."

आईने भिंतीवर बोट फिरवलं, पाहिलं आणि पदराला पुसलं. मग तिने पाट मांडला, मामाला बसवलं आणि ओवाळलं. मामा सवयीने थट्टेत म्हणाला, "बोल आक्का, काय हवं ओवाळणीत?"

कसब्यात उभा जन्म काढलेली माझी आई माहेरच्या बोलीत म्हणाली, "चर खणाया जागा दे."

मामाने बाजूला ठेवलेली साडी ताटात घातली.