फोनचा लॉट नंबर

आमच्या कार्यालयात प्रश्नार्थक मथळा देऊ नये असा दंडक आहे. वाचक उत्तर मागतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. श्रावणातल्या एका सोमवारी जिल्हा पुरवणीच्या सहाव्या पानावर हा दंडक मोडला गेला. बातमी एका कॉलमची, इंग्रजीतून मराठीत आणलेली. मध्य आफ्रिकेतल्या काही खाणी हत्यारबंद टोळ्यांच्या ताब्यात आहेत. तिथून निघणारं कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं हातोहात फिरत मोबाइल फोनमध्ये येतं. त्यावर बंदुका पोसल्या जातात आणि काही खाणींत शाळकरी वयाची मुलं उतरतात, एवढाच मजकूर होता. मथळा : तुमच्या फोनमधलं कथील कुठलं? भाषांतर माझं आणि मथळाही माझाच.

माझ्या नोकरीत तोपर्यंत एकाही वाचकाने कशाचंही उत्तर मागितलं नव्हतं. त्या सकाळी सव्वाआठला एकाचा फोन आला. ते माझे वडील होते.

बाबा आष्टीला असतात, शेती करतात आणि वर्तमानपत्र त्याच्या नावापासून शेवटच्या मुद्रकाच्या ओळीपर्यंत वाचतात.

"बाई, ही बातमी तूच लिहिली का?"

"भाषांतर केलं, बाबा."

"मंग कुठलं हाय?"

"काय?"

"कथील. वर इचारलंय अन् खाली सांगितलंच न्हाई."

मी उत्तर देण्याआधी त्यांचा फोन बंद पडला. त्यात माझ्या दृष्टीने वावगं काही नव्हतं. तो फोन नेहमीच बंद पडत असे. चार्जरची पिन बसण्याची जागा सैल झाली होती, तिथे आगपेटीची काडी खोचावी लागे आणि काडी हलली की सगळं संपे. काडी कितीही जपून धरली तरी तो व्हिडिओ कॉलवर जास्तीत जास्त सात मिनिटं टिकतो, हे आईने भिंतीवरच्या घड्याळावर मोजून ठेवलं होतं.

ही सात मिनिटं त्या आठवड्यात महत्त्वाची होती. माझ्या धाकट्या बहिणीला आधीच्या बुधवारी पुण्यात मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दोन महिन्यांपूर्वी आई हौदाजवळ घसरली आणि तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. त्यामुळे बाळंतपण सासरी झालं. बारसं रविवारी सकाळी अकराला होतं. आईला प्रवास मना होता. पहिल्या नातीचं नाव ठेवताना ती पाहणार होती ते फोनवरच, आणि सात मिनिटांत बारसं उरकत नाही. पुण्यात तर नाहीच.

म्हणून मी नवा फोन घेतला आणि शुक्रवारी दुपारी आष्टीला पोचले.

बाबांनी डबा हातात घेतला, उलटा केला, उन्हात धरला. बियाण्याची पिशवी ते अशीच पाहतात.

"लॉट नंबर कुठं हाय?"

मी डब्यावरचा पंधरा आकडी क्रमांक दाखवला.

"हा तर ह्या एकट्या फोनचा. माल कुठला ते?"

"भारतात तयार केलेला, असं लिहिलंय."

"भारतात जुळवला. निघाला कुठं?"

आई बाजेवरून म्हणाली, "दुकानातून निघाला. चालू करा."

"बिलकुल न्हाई," बाबा म्हणाले, आणि डबा न फोडता देवळीत ठेवून दिला.

हा हट्ट आकाशातून पडलेला नव्हता. फार वर्षांपूर्वी आमचं सोयाबीन उगवलं नाही. गावात अनेकांचं उगवलं नव्हतं, पण पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं एवढं सगळं जपून ठेवलेले बाबा एकटे निघाले. पंचनामा झाला, कंपनीने पिशव्या बदलून दिल्या. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक पिशवीचा टॅग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातो. पुढे त्यांनी स्वतःच एका कंपनीसाठी भेंडीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला आणि टॅगवरची श्रद्धा दुप्पट झाली. कारण आता टॅगवर त्यांचाच गट नंबर छापून येऊ लागला. गावाबाहेरच्या माणसाला ते हे आवर्जून सांगतात : तिकडे कुठंही माझी भेंडी उगवली न्हाई, तर माणूस टॅग धरून बराबर माझ्या बांधावर येतो.

शुक्रवारी त्यांनी तेच मला सांगितलं. "चिमूटभर भेंडीचा माग माझ्या बांधापर्यंत लागतो. अन् एवढ्या मोठ्या फोनचा लागत न्हाई म्हणजे लावायचा न्हाई त्यांना."

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावू, असं सुचवलं. फोन जुन्यावरून लावायचा ठरला, कारण तक्रारदार बाबा होते. काडी मी धरली. पहिल्या वेळी भाषा निवडेपर्यंत फोन बंद पडला. दुसऱ्या वेळी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' इथे. तिसऱ्या वेळी एक मुलगी बोलली.

"नमस्कार सर, आपली तक्रार सांगा."

"तक्रार न्हाई, चौकशी हाय. ह्या फोनमधलं कथील कोण्या खाणीचं?"

"सर, फोन चालू होत नाहीये का?"

"चालू केलाच न्हाई."

"सर, चालू केल्याशिवाय प्रॉब्लेम कसा कळेल?"

"पेरल्यावर कळून काय उपेग, बाई? पेरायच्या आधी इचारू राह्यलो."

मग ती म्हणाली, "सर, मी आपला कॉल वरिष्ठांकडे देते." सनई वाजू लागली. माझा अंगठा अवघडला, काडी हलली.

"वरिष्ठ वाचले," आई म्हणाली.

त्यानंतर मी कंपनीच्या संकेतस्थळावर या विषयाचा अहवाल शोधला. तो लांबलचक होता. ओसरीवर बसून मी महत्त्वाचा भाग मराठीत वाचून दाखवला. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांची यादी कंपनीकडे होती. भट्टीच्या पलीकडे, म्हणजे खाणीपर्यंत, प्रत्येक वेळी माग लागेलच असं नाही, असं त्यात वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा म्हटलं होतं.

"म्हणजे जालन्यासारखंच," बाबा म्हणाले. जालन्यात लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत आणि तिथल्या भट्ट्यांत गावोगावचं भंगार जातं. "माझा मोडका नांगर भट्टीत गेला. आता तो कुणाच्या स्लॅबात हाय, कोण सांगल?"

"तेच म्हणतायत ते, बाबा."

"पण नांगर देताना मला भंगारवाल्यानं इचारलं न्हाई, तुझा हाय का चोरीचा. इचारायला पाहिजे होतं."

आईने इथे व्यावहारिक तोडगा काढला. "बाई, तुझा फोन इथं ठेव अन् नवा तू घेऊन जा."

माझा फोन कार्यालयाचा होता, आणि शनिवारी दुपारपासून माझी ड्यूटी. त्यापेक्षा मोठी अडचण बाबांनी मांडली. "पाप अदलाबदल करून घ्यायचं न्हाई."

"मंग शेजारणीच्या फोनवर बघू का नात? ती आधी सगळ्या गल्लीला दाखवल, मंग मला."

"दोन-चार दिवसांत कंपनीचं उत्तर येतंय का बघू."

"परवा बारसं हाय!"

"पोरगी कुठं पळून चालली?"

यावर आईने भिंतीकडे तोंड केलं. प्लास्टर घातलेल्या माणसाला कुशीवर वळायला वेळ लागतो, त्यामुळे तो निषेध सुमारे एक मिनिट चालला.

शनिवारी माझी बस अकराला होती. चहा झाला तरी देवळीतला डबा तसाच होता. बाबा मला पत्र्याच्या डब्यातले टॅग दाखवत होते. नवा फोन परत करताना दुकानदाराशी मी काय बोलावं, याची ती पूर्वतयारी होती.

"तो पत्र्याचा डबा इकडं आणा," आई म्हणाली.

तिने वरचे टॅग बाजूला केले आणि तळातला एक काढून मला दिला. रंग उडालेला, कडेला उंदराने कुरतडलेला. "वाच."

मी वाचलं. पीक भेंडी. वाणाचं नाव. लॉट नंबर. उगवणशक्ती. प्लॉटचा गट नंबर, गाव, तालुका.

"आणखी?"

"एवढंच."

"कळ्या कोणी खुडल्या, ते न्हाई?"

ते नव्हतं. वाचकाला इथे थोडी माहिती द्यावी लागेल. संकरित भेंडीचं बी आपोआप धरत नाही. दुपारी उमलायला आलेली कळी नखाने चिरायची, आतले पिवळे तुरे खरवडून काढायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाचं फूल तिच्यावर घासायचं. हे रोज, दीड-दोन महिने. बारीक बोटं लागतात. कंपनीचा माणूस तेव्हा तसंच म्हणायचा. आता बांधावर पाटी असते : येथे बालकामगार काम करीत नाहीत. बाबा ती पाटी दर पोळ्याला पुसतात. पण हा टॅग पाटीच्या आधीचा होता. त्या हंगामात मी सहावीत होते आणि बहीण चौथीत. भेंडीची लव हातात शिरते आणि आठवडाभर खाजते; आई आम्हाला झोपताना हाताला खोबरेल लावायची. शाळेत ताप आल्याचं कळवलं होतं. याला काही नाव असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भूगोलाचे तास चुकले, याचा मला आनंदच झाला होता. परत गेले तेव्हा आफ्रिका खंड शिकवून संपला होता.

बाबांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी टॅग माझ्या हातातून घेतला.

"आपल्याच पोरी होत्या," ते म्हणाले. "परक्याच्या थोड्याच आणल्या?"

"खाणीवालेबी आपलीच पोरं खाली उतरवत असतील," आई म्हणाली.

बाबांनी टोपी घातली आणि ते प्लॉटवर गेले. मला निरोप न देता ते घराबाहेर पडल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव वेळ. आईने मला बसच्या वेळेची आठवण करून दिली. निघताना मी देवळीकडे पाहिलं. फोनचा डबा होता तिथेच होता, न फोडलेला.

"ठेवू का नेऊ?" मी विचारलं.

"राहू दे. मला हात पुरत न्हाई, न्हाईतर कालच फोडला असता."

रविवारी सकाळी मी कार्यालयात होते. दहा पंचावन्नला पुण्याहून सगळ्यांना एकत्र व्हिडिओ कॉल आला. माझ्या फोनवर दोन चौकटी उघडल्या : एकीत फुलांचा पाळणा, दुसरीत मी. आष्टी नव्हती. अकराला नव्हती. अकरा वाजून चार मिनिटांनी बहिणीच्या नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्याने, पाळण्याची दोरी धरली. बहीण फोनकडे बघून म्हणाली, "थांबा हो वन्सं, दोन मिनिटं." पुण्याच्या मानाने ही सवलत मोठी होती.

अकरा सहाला तिसरी चौकट उघडली. आधी छत दिसलं, मग आईच्या पायाचं प्लास्टर, मग चित्र अचानक स्वच्छ आणि स्थिर झालं. जुन्या फोनवर ते कधी असं दिसलं नव्हतं. पण चौकटीत आई-बाबा नव्हते. चौकटभर काहीतरी लोंबत होतं.

"माय, कॅमेऱ्यापुढं काय आलंय?" बहिणीने विचारलं.

"टॅग हाय," बाबांचा आवाज आला. "फोनला बांधला."

कव्हरच्या छिद्रातून सुतळी ओवून तो बांधलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो फिरत होता. एका बाजूने पुण्याच्या समस्त मंडळींना भेंडीचा लॉट नंबर दिसला. कड उंदराने कुरतडलेली होती, त्यामुळे मी तो ओळखला. मग तो वळला. मागच्या कोऱ्या बाजूला बाबांच्या अक्षरात, बॉलपेनने दोन ओळी होत्या. ते बोलतात तसं लिहीत नाहीत. लिहिताना शाळेतल्यासारखं लिहितात.

भेंडी : दोन्ही मुली. सहावी व चौथी.

कथील : माहीत नाही. चौकशी चालू.

बहिणीने ते वाचलं असावं. आत्याबाईंनी विचारलं, "हे काय, दुकानाचं लेबल काढायचं राहिलंय का?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "आता लावलंय."

"अहो, ते पुराण मागं करा," आईचा आवाज आला. "मला टॅगच दिसू राह्यलाय. नात दिसू द्या आधी!"

एक बोट आलं, टॅग फोनच्या पाठीमागे गेला, आणि चौकटीत आई दिसली. ती नवं लुगडं नेसली होती आणि तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता. आत्याबाई पाळण्यावर वाकल्या.