लिंपलेली भेग

मे महिन्यातल्या वादळात मोताळ्यातल्या आमच्या गल्लीतले बहुतेक पत्रे उडाले. समोरच्या काकूंचेही उडाले आणि त्यांच्या घराची मागची मातीची भिंत तडकली.

काकू रोज सकाळी आपलं अंगण झाडून आमच्या दारापर्यंत झाडत येतात. कचरा दिसला की विचारतात, "काय रे, झाडू महाग झाला काय?"

मदतीसाठी तलाठी पंचनामा करायला येणार, असं कळल्यावर आम्ही पडझड तशीच ठेवली. काकूंनी मात्र पत्रे बसवून घेतले, भेग लिंपली, घर सारवलं आणि दारात रांगोळी काढली.

"काकू, हे काऊन केलं?" मी विचारलं.

"साहेब पह्यल्यांदाच घरी येऊन राह्यले. त्याइले उकिरडा दाखवू काय?"

तलाठ्यांनी घर पाहिलं. "काकू, नुकसान कुठं आहे?"

काकूंनी ओल्या लिंपणाकडे बोट दाखवलं. "तिथं भेग होती."

"थोडी माती खरवडा. फोटो लागतो."

"सारवल्या घराले नख लावू काय? तुम्ही चहा घ्या."

तलाठ्यांनी चहा घेतला आणि ते पुढच्या घरी गेले.

गल्लीतल्या बाकीच्यांना मदत मिळाली, काकूंना मिळाली नाही. जुलैच्या पावसात भेग पुन्हा उघडली. उघडीप पडल्यावर काकूंनी ती पुन्हा लिंपली.