मगभर तेल

तुमसरला जो तो राइस मिलमध्ये, मी मात्र यीस्टच्या कारखान्यात. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. पावाचं यीस्ट आम्ही मळीच्या पाण्यात वाढवायचो, दोन पुरुष उंचीच्या टाकीत, आणि त्याला श्वास घेता यावा म्हणून ब्लोअरने खालून हवा सोडायचो. तिथली एकटी केमिस्ट मी आणि एकटी बाईही मीच. दोन्हीचा मला माज होता.

कारखाना नवा होता, पण सहा महिने झाले तरी यीस्ट जोमाने वाढेना. टाकीला दारूचा वास यायचा. हवा कमी पडली की यीस्ट वाढायचं सोडून दारू करत बसतं, हे मला पाठ होतं. म्हणून मीच साहेबांच्या मागे लागून दुसरा ब्लोअर सुरू करवला. वीज दुप्पट जायला लागली, यीस्ट जिथल्या तिथे. साहेब म्हणाले, "पुढची बॅच अशीच गेली तर कारखाना बंद, आणि बाई, तुम्ही आपल्या गावी, कोंढ्याला." धान कापायला परत जायचं म्हणून मी नागपूरला शिकले नव्हते. रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी सांभाळणाऱ्या काकाजींच्या मागोमाग मी लोखंडी जिना चढले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. टाकी भरली आणि हवा सोडायच्या आधीच त्यांनी मगभर जवसाचं तेल आत ओतलं.

"काकाजी, अजून तं फेसच नाही आला. तेल कायले टाकता?"

"बाई, भात उतू गेल्यावर टाकता का तुम्ही? आधीच टाकता नं?"

मीही आधीच टाकत होते. आमच्याकडे भाताच्या गंजात तेलाचा थेंब आधीच पडतो, म्हणून तो तेलाचा मग रोज डोळ्यांसमोर असून मला कधी खटकला नाही. एवढी शिकलेली मी, माझीच मला लाज वाटली.

हे तेलच हवेच्या आड येत असेल का, ते पाहायला मी ती बॅच थांबवली. काचेच्या दोन बरण्यांत मळीचं पाणी घेतलं, दोन्हींत नळीने हवा सोडली आणि एकीत तेलाचे दोन थेंब टाकले. साध्या बरणीत बारीक बुडबुडे रेंगाळत वर येत होते. तेलाच्या बरणीत ते एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि चहा न घेता निघालेल्या पाहुण्यासारखे भराभर निघून गेले. पाण्याला हवा द्यायला त्यांना सवडच नव्हती.

"म्हंजे आपण हवा भरून राहिलो, अन् तेल तिले हाकलून राहिलं!" काकाजी म्हणाले.

टाकी धुऊन पुन्हा भरली. या वेळी तेलाचा मग खाली ठेवला आणि मी हातात ड्रॉपर घेऊन उभी राहिले.

"उतू गेलं तं साहेब मले धरतील."

"मले धरतील, काकाजी."

फेस टाकीच्या वरच्या काचेच्या खिडकीपर्यंत चढला. काकाजींचा हात मगाकडे गेला, तो मी धरला आणि चार थेंब टाकले. फेस बसला. पुन्हा चढला, पुन्हा चार थेंब. उभं राहून राहून पायांत गोळे आले, पण दारूचा वास काही आला नाही.

"दुसरा ब्लोअर बंद करा!" मी वरूनच ओरडले.

वीज गेली समजून साहेब धावत आले. एका ब्लोअरवर ती बॅच पार पडली आणि काट्यावर कधी नव्हे इतकं यीस्ट चढलं. साहेबांनी विचारलं, केलं काय? मी तोंड उघडायच्या आत काकाजी बोलले, "बाईनं तेल थांबवलं. टाकत मी होतो, साहेब."

"मीही पाहत होते," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी खोलीवर भात शिजत होता. फेस गंजाच्या काठाशी आला, तेव्हा कुठे मी एक थेंब टाकला. आनंद पोटात मावत नव्हता आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं. म्हणून भातालाच सांगितलं, "कोंढ्याला पाठवणार होते म्हणे मले!"