पखवाजाची कणीक

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. नाहीतर पखवाज कसला, नुसता पत्र्याचा डबा वाजतो. आमच्या मुकुंदवाडीच्या घरात ती कणीक भिजवायचं काम माझं. अप्पा वाजवायचे, भाऊ त्यांच्यासमोर बसून शिकायचा, आई भजनात गायची आणि मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणून द्यायचे. गोळा घट्ट झाला की अप्पा ओरडायचे, "पुऱ्या तळायच्यात का?" धुमेला तो थापायचा मात्र त्यांनीच, नाहीतर भावानं. मुलींनी पखवाजाला हात लावायचा नाही असं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाही.

अप्पांची शिकवायची रीत ठरलेली. आधी बोल तोंडानं म्हणायचे, हातानं ताल धरायचा, आणि तोंड साफ झाल्याशिवाय पखवाज पुढ्यात ओढायचा नाही. भाऊ 'तिटकत गदिगन'ला हमखास अडखळायचा. मग मी आतून, भाकरी थापता थापता, पुढचं सगळं दुप्पट लयीत म्हणून टाकायचे. अप्पा त्याला म्हणायचे, "ऐक, ऐक. तिला येतंय अन् तुला नाय व्हय?" तेवढंच. मला बाहेर ये म्हणाले नाहीत, आणि मला त्याचा राग यायचा. तो मी भाकरीवर काढायचे.

कॉलेजात पहिल्यांदा रॅप ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. हे तर मी तव्यापुढं उभी राहून रोजच करत होते. बोलांच्या जागी शब्द घातले की झालं. मी घातले. आधी गॅदरिंग, मग गणपतीतले कार्यक्रम, मग पुणे-नाशिक. आता त्यावरच माझं पोट चालतं. पाचोडच्या आत्यानं मोबाईलवर बघून आईला विचारलं, "पोरगी गाती का भांडती?" आई म्हणाली, "दोन्ही." मी घरात हेडफोन लावून काम करायचे, त्यामुळं अप्पांनी माझं फारसं ऐकलंही नव्हतं.

गेल्या वर्षी मी एक गाणं लिहिलं, ह्या कणकेवरचंच. त्याला पखवाज अप्पांचाच हवा होता, कारण गाणं त्यांनाच उद्देशून होतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. पखवाज आधी रेकॉर्ड करून घ्यायचा आणि शब्द नंतर त्यावर चढवायचे, असा माझा बेत होता.

भिंतींना गाद्या ठोकलेल्या माझ्या खोलीत अप्पा येऊन बसले. मी कणीक दिली, त्यांनी थापली. हेडफोनमध्ये लयीची टकटक सुरू झाली आणि तिथंच घोडं अडलं. जन्मभर गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून वाजवलेला माणूस तो. यंत्राला सोडून पुढं पळायला लागला. शेवटी त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

"ह्या टकटकीमागं नाय जमत मला. तू समोर बसून म्हण. तुझ्या तोंडाकडं बघून वाजवतो."

"शब्द अजून कच्चे आहेत, अप्पा."

"कच्चेच म्हण."

ते हात उचलून वाट बघत होते. मी सुरुवात केली. आधी नुसते बोल होते, तिथं अप्पा खुशीत मान डोलवत होते. मग शब्द आले:

"कणीक माझी, धूम तुमची,
बोल माझे, थाप तुमची,
दाराआडून शिकले सारं,
हात कोरे राहिले, अप्पा, सांगा ना ही चूक कुणाची?"

अप्पांनी वर बघितलं. हात थांबला नाही. गाणारा म्हणतोय तोवर त्यांचा हात थांबतच नाही. आम्ही शेवटाला बरोबर एकत्र आलो. बाहेर रेल्वेचा भोंगा वाजला. आता उठून जातील, असं मला वाटलं.

त्यांनी धुमेवर बोट आपटून बघितलं. "वाळली कणीक," म्हणाले.

मी गोळ्याला पाणी लावून नेहमीसारखा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. पखवाज फिरवून धूम माझ्याकडं केली. "लाव तूच."

मी लावली. कडेनं पातळ, मधे जाड, जशी आयुष्यभर बघितली होती तशी.

"आता वाजवून बघ की. वाजवल्याशिवाय कसं कळंल?"

मी थाप मारली. आवाज बसका आला.

"लई लावलीस. थोडी काढ."

मी काढली, पुन्हा थाप मारली. या वेळी आवाज बरोबर आला. तो मी लहानपणापासून रोज ऐकला होता, पण तो मनगटातून असा कोपरापर्यंत चढतो हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं.

अप्पांनी पखवाज परत आपल्याकडं ओढून घेतला. "रडत म्हणू नको, लय जाईल," ते म्हणाले. "हात पूस. हे झालं की थोडी कणीक अजून भिजव, संध्याकाळी तुला बसायचंय."