तीन हातांची अक्षरे

गोदीत त्याला सगळे अक्षरबुवा म्हणत. परमुलखात महायुद्ध पेटले, आपण कोणाच्याच बाजूचे नाही असे सरकारने जाहीर केले, आणि त्या दिवसापासून बुवाच्या कुंचल्याला उसंत राहिली नाही. दोरांवर टांगलेल्या फळीवर बसावे, पाठीशी पाणी, पुढ्यात जहाजाची लोखंडी कूस, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात दोन पुरुष उंचीची तीन अक्षरे काढावीत : तटस्थ. पाणबुडीने दुरून वाचावे आणि हात आवरावा, एवढ्यासाठी. रंगाचा एक हात, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा.

"दोन हात पुरेत," मुकादम म्हणे.

"आत माणसे आहेत," बुवा म्हणे, आणि तिसरा हात देई.

त्या माणसांत त्याचा जावई होता, बॉयलरला कोळसा पुरवणारा. त्याची कोळशाची कोठी नेमकी अक्षरांच्या मागे येई. निघण्याआधी तो आतून फावड्याने दोन ठोके देई; बुवा बाहेरून कुंचल्याच्या दांड्याने दोन ठोके परत करी. एवढाच त्यांचा निरोप.

पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंना धान्य गेले, घोंगड्या गेल्या. दुसऱ्या वर्षी एका बाजूची बंदरे वेढ्यात सापडली, मग सगळा माल दुसरीलाच जाऊ लागला. तिसऱ्या वर्षी खोकी आली. वर लिहिले होते : शिवणयंत्रे. पण एकेका खोक्याला सहा-सहा हमाल लागत, आणि आसपास विडी पेटवायची नाही असा हुकूम होता.

"शिवणयंत्राला विडीचे कसले भय?" बुवाने विचारले.

"बाहेरचे तुमचे, आतले आमचे," मुकादम म्हणाला. "रंग लावा."

ओठांत एक आणि पोटात एक, असे ज्याला उभ्या जन्मात जमले नाही, त्याच्याच हातून जहाजाचे ओठ रंगवून घेतले जात होते! बुवाने बंदर कचेरीत अर्ज दिला : एक तर पोट रिकामे करा, नाही तर अक्षरे पुसा. कारकून म्हणाला, अर्ज नमुन्यात नाही. नमुन्यात नेला, तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले, तर अर्ज विचाराधीन.

"मग सोडा ना काम," लेक चिडून म्हणाली. तिला सातवा महिना लागला होता.

"सोडले तर दुसरा येईल, बाळ. तो दोनच हात देईल."

पुढच्याच महिन्यात याच गोदीतले दुसरे एक जहाज बुडाले. चाळीस माणसे गेली. तटस्थ जहाजावर भ्याड हल्ला, असे वर्तमानपत्रांत छापून आले. चौकाचौकांत माणसे मुठी वळून उभी राहिली.

"त्या जहाजाच्या पोटात तोफगोळे होते हो," बुवा पावाच्या दुकानातल्या रांगेत म्हणाला.

"बुवा, हळू बोला," दुकानदार म्हणाला. "ही भाषा शत्रूची आहे."

बुवा त्या रांगेतून पाव न घेताच घरी आला. आठव्या दिवशी कायदेमंडळात मतदान झाले, आणि जो देश कोणाच्याच बाजूचा नव्हता तो युद्धात उतरला.

नवव्या दिवशी मुकादमाने करड्या रंगाचे डबे आणले, आणि सोबत बुवाचा अर्ज. त्यावर शिक्का होता : मंजूर, अक्षरे पुसावीत.

"झाले ना तुमच्या मनासारखे?"

"पोट रिकामे करा, हे आधी लिहिले होते."

"एक तर, नाही तर, असे लिहिलेत. सरकारने सोपे ते घेतले."

बुवा फळीवर चढला. करड्याचा पहिला हात सुकला. तीन हात देऊन थरावर थर चढवलेली अक्षरे करड्याखालूनही उठून दिसत होती. उन्हाची तिरीप पडताच पुन्हा स्पष्ट वाचता येत होती, आणि आता पाणबुडीला तीच नेम दाखवणार होती.

"खरवडायला लागेल," तो खाली ओरडला. "एक दिवस द्या. नंतर आणखी दोन हात."

"भरतीला सुटायचेय. उतरा."

"अहो, आत माणसे आहेत."

"म्हणूनच सुटायचेय. तिकडे वाट पाहताहेत."

आतून दोन ठोके आले. बुवाच्या एका हातात खरवडणी होती, दुसऱ्यात कुंचला. ठोके परत करायचे सोडून तो पहिल्या अक्षराची कड खरवडत राहिला. फळी खाली घेतली जात होती तरी खरवडत राहिला.

आतून पुन्हा दोन ठोके आले. तोवर त्याचा हात तिथवर पोहोचत नव्हता.