रिव्हर्स न घेणारा एर्मेते

एर्मेते लान्तेरीने उभ्या आयुष्यात गाडी मागे घेतली नाही, असं आमच्या खिंडीच्या दोन्ही अंगांना छातीठोकपणे सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांत तो स्वतः सगळ्यांत पुढे. पिएत्रासोर्दाच्या भट्टीतून पहाटेचा पाव पांढऱ्या व्हॅनमध्ये भरायचा, कोल्ला स्तोर्ताची खिंड चढायची, पलीकडे आमच्या वाल्मोराला उतरायचं, पाव वाटायचा आणि आल्या वाटेने परत. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, पक्ष बदलला नाही. आणि रिव्हर्स घेतला नाही.

आमचा घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना या गोष्टीचं वजन कळणार नाही. रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. लांब खाली समुद्र चमकतो म्हणतात. तो पाहुण्यांना दिसतो. आम्हाला समोरून येणारी गाडी दिसते.

अशा रस्त्यावर नियम एकच: चढणाऱ्याचा हक्क. गाठ पडली तर उतरणाऱ्याने मागे जायचं, रुंद वळण मिळेपर्यंत. सरकारी पुस्तकातही तो आहे म्हणे, पण आम्हाला तो एर्मेतेने शिकवला, तोही शिव्या देऊन. त्याने लग्नाची गाडी मागे रेटायला लावली, आत नवरीला उलटी झाली तरी. पोलिसांच्या जीपला मागे जायला लावलं. एकदा आमचे पाद्री अंत्यसंस्काराला घाईने उतरत होते, त्यांना म्हणाला, "फादर, मेलेला थांबतो. पाव थांबत नाही." पाद्री मागे गेले. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. वाल्मोराच्या बाजूला पहिल्याच वळणावरच्या भिंतीवर त्याने चुन्याने हातभर अक्षरं काढली: चढणाऱ्याचा हक्क, उतरणाऱ्याने मागे जावे.

आता कोणीही विचारेल की हा गृहस्थ स्वतः उतरत असेल तेव्हा काय. त्याचा बंदोबस्त होता. माथ्यावर आला की तो हॉर्नवर हात ठेवायचा तो खालच्या चॅपलपर्यंत उचलायचा नाही. हॉर्न ऐकू आला की वाल्मोरात कोणी गाडी सुरू करत नसे. पाव उतरू दे, मग निघू. दवाखान्यात जायचं असो की कोर्टात, पाव आधी उतरायचा. परतीला पिएत्रासोर्दाकडेही तोच प्रकार. एका माणसाच्या हट्टापायी दोन गावांची रहदारी चालली होती आणि आम्ही त्याला परंपरा म्हणत होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी एर्मेते ऑलिव्ह झोडताना शिडीवरून पडला. हाड मोडलं नाही, पण मान गेली. गेली म्हणजे जिथे होती तिथेच राहिली, समोर बघत. तेव्हापासून त्याच्या गळ्यात लोकरी मफलर आला, तो जूनच्या उन्हातही निघाला नाही. विचारलं की म्हणायचा, वारा लागलाय. आमच्याकडे वारा लागणं हे सर्वमान्य दुखणं आहे. त्याच्यावर कोणी पुढे प्रश्न विचारत नाही.

खरं काय ते दोन्ही गावांना ठाऊक होतं, फक्त कोणी कोणाला सांगत नव्हतं. बारमध्ये आम्ही त्याच्या बाजूची खुर्ची सोडून समोरची घ्यायचो. चर्चमध्ये त्याला मागून हाक मारत नव्हतो. पोरंसुद्धा "बार्बा एर्मेते" म्हणायला, म्हणजे काका म्हणायला, वळसा घालून त्याच्या तोंडासमोर जायची. व्हॅनचा मागचा भाग बंद पत्र्याचा, कड्याकडचा आरसा कधीच कड्याने खाल्लेला. तो त्याने बसवून घेतला नव्हता. मागे बघतंय कोण, असं म्हणायचा. पडण्याआधी ती मिजास होती. पडल्यावर तीच अडचण झाली, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसत होती.

आम्ही गप्प का होतो तेही सांगतो. किनाऱ्यावरच्या ऑफिसातल्या साहेबांनी आमची बस बंद केली, प्रवासी नाहीत म्हणून. आणि त्याच उन्हाळ्यात खिंडीवर तपकिरी बोर्ड लावला: निसर्गरम्य मार्ग. बस नाही, पण मार्ग रम्य. मी त्यांच्या दारात जाऊन बसलो, पत्रकं वाटली, एका साहेबावर त्याच्याच खुर्चीवर उभा राहून ओरडलो. त्याने मला पाणी दिलं आणि बोर्डाचा फोटो दाखवला. मग वाल्मोरातलं शेवटचं दुकानही मिटलं. उरला एर्मेते. तो गेला तर पाव गेला, आणि पाव गेला की उरलेली म्हातारी माणसं एकेक करून किनाऱ्यावर लेकांच्या फ्लॅटमध्ये जाणार, हे सांगायला पत्रक लागत नाही.

त्यात त्याचं लायसन्स संपत आलं. वय झालेल्यांना किनाऱ्यावर तीन डॉक्टरांपुढे उभं राहावं लागतं, आणि त्यातल्या डॉक्टर आमोरेत्तीचं नाव आमच्या डोंगरात लहान आवाजात घेतात. पलीकडच्या खोऱ्यातल्या तुल्लिओचं लायसन्स त्याने काढून घेतलं. तुल्लिओची मान घुबडासारखी फिरते, पण डोळे तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ त्याला वाचता आली नाही. एर्मेतेची तारीख गुरुवारची होती. त्या आठवड्यात तो आरशासमोर मान वळवायचा सराव करतो, अशी बातमी भट्टीतून आली. वळतात फक्त डोळे, अशीही.

त्याआधीच्या रविवारी सायकलवाले आले.

ते मे महिन्यापासून येतातच. माझं त्यांच्याशी वैर नाही. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, बदकासारखं चालवणारे बूट, आणि आमच्या रस्त्याच्या चढाबद्दल ते टक्क्यांत बोलतात. आपण साडेआठ टक्क्यांवर राहतो हे मला त्यांच्याकडून कळलं. धापा टाकत माथ्यावर जायचं, खिंडीच्या पाटीवर क्लबचा स्टिकर चिकटवायचा, फोटो काढायचा. आता पाटीवर खिंडीचं नाव सोडून सगळं वाचता येतं. पण सायकली कठड्याला लागून निघून जातात, त्यांचा एर्मेतेला त्रास नव्हता. त्या रविवारी मात्र किनाऱ्यावरचा एक क्लब आला, वकील, दंतवैद्य असल्यांचा, आणि त्यांच्यामध्ये त्यांची लांबलचक गाडी. टपावर जादा सायकली, डिकीत केळी.

एर्मेतेने माथ्यावर हॉर्न धरला. वाल्मोराचे लोक थांबले. सायकलवाल्यांना वाटलं कोणी आपल्याला प्रोत्साहन देतंय. त्यांनी हात हलवले. गाडी चढत राहिली.

चॅपलच्या वरच्या वळणावर दोन्ही नाकं समोरासमोर आली. एर्मेतेने नेहमीप्रमाणे तळहाताने मागे व्हायची खूण केली. गाडी चालवणारी बाई नीटनेटकी, शांत. तिने काच खाली केली आणि म्हणाली, "काका, मी चढतेय. खाली भिंतीवर लिहिलंय तुमच्याच लोकांनी."

  यावरचं उत्तर एर्मेतेने स्वतःच्या हाताने चुना कालवून समोरच्याला देऊन ठेवलं होतं.

तोवर आम्ही खालून चढून गेलो होतो. आमच्याकडे गाड्या अडल्या की सगळं गाव सल्ला द्यायला जमतं. कोणी म्हणालं गाडीने मागे जावं, ती नवी आहे. कोणी म्हणालं टपावरच्या सायकली उतरवा, म्हणजे काय झालं असतं ते त्यालाच ठाऊक. मी एर्मेतेच्या खिडकीशी, म्हणजे समोरून, गेलो आणि हळूच म्हटलं, उतर, मी घेतो मागे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पावात थुंकलोय.

तेवढ्यात गाडीमागून एक उंच, वाळका सायकलवाला पुढे आला. हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि एर्मेतेला अदबीने म्हणाला, "काही अडचण आहे का? मी डॉक्टर आमोरेत्ती."

 एवढं शांत वाल्मोरा मी अंत्यसंस्कारालाही ऐकलेलं नाही. एर्मेतेचे हात स्टिअरिंगवर होते, चेहरा पुढे, मफलर नाकापर्यंत. गुरुवार रविवारीच आला होता, तोही सायकलवर.

या शांततेत देल्फिना पुढे झाली. देल्फिना म्हणजे चॅपलच्या खालच्या, उतरताना लागणाऱ्या पहिल्या घरातली. गवंड्याची विधवा, गावात सगळे तिला लाल्ला म्हणतात, मावशी. एर्मेतेचा पहिला पाव रोज तिच्या हातात पडतो, आणि तो भाजलाय कसा यावर तिचं भाषण रोज त्याला ऐकावं लागतं. ती हात पुसत व्हॅनजवळ आली.

"एर्मेते, मागे घे."

"मी मागे घेत नाही."

"तू घेत नाहीस, ते जगाला ठाऊक आहे. मी सांगते तसं आज घे. पाव गार होतोय."

"देल्फिना, सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांना काय दिसत नाही असं वाटतं तुला? समोर बघ आणि गप गिअर टाक."

आणि ती चढावर, व्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या गिअरने जो आवाज केला तो कुलूप लावून विसरलेल्या ट्रंकेचा होता. मग व्हॅन हलली, उलटी, चढावर. आमच्याकडे डावं-उजवं कोणी म्हणत नाही. एक बाजू डोंगर, एक बाजू समुद्र. देल्फिना मागे मागे चालत सांगत होती, डोंगर, अजून डोंगर, बास, आता समुद्र, जरासा, जरासा म्हटलं ना गाढवा, डोंगर. एर्मेते नाकासमोर बघत हात फिरवत होता. त्याच्या नाकासमोर, पावलापावलाने चढत, डॉक्टर आमोरेत्ती चालत होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मागचं चाक एकदा कठड्याला घासलं, दगडाचा चुरा खाली गेला, पण व्हॅन रुंद वळणात बसली. अशी बसली की भट्टीत पाव सरकवायचं फावडंही इतकं नेमकं गेलं नसतं.

सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाला, "हा माणूस मागे बघतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "कशाला बघेल? रस्ता पाठ आहे."

"पण त्या बाई?"

"त्यांना बोलायची सवय आहे."

डॉक्टर हसला. शिकलेला माणूस आमच्याकडे आला की त्याला काहीतरी पुरातन बघायचंच असतं. त्याला ते मिळालं होतं. ते मी कशाला हिसकावून घेऊ?

गुरुवारी एर्मेते तीन डॉक्टरांपुढे गेला. आमोरेत्तीने त्याला रांगेत बसू दिलं नाही. दुसऱ्या दोघांना रविवारची हकीकत हातवारे करून सांगितली, त्यात घाटाची लांबी वाढली होती आणि देल्फिना अजिबात नव्हती. तक्ता एर्मेतेने खालच्या ओळीसकट वाचला, लांबचं त्याला आमच्यापेक्षा चांगलं दिसतं. मफलरबद्दल विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, वारा लागलाय. तिघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. उतारावर तो फार लागतो, आमोरेत्ती म्हणाला, आपणही आत लोकर घालतो. शिक्का बसला. कॉफी कमी प्या, एवढाच सल्ला.

बारमध्ये आम्ही घरच्या लाल वाईनचे ग्लास भरले. एर्मेते आला, ग्लासाला हात न लावता बसला. लायसन्स टेबलावर टाकलं, जणू कोणाचं तरी सापडलं होतं ते परत करायला आणलंय. त्याला काय झालंय ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. सोमवारी कळलं.

सोमवारी माथ्यावरून हॉर्न वाजला आणि आमच्या सिल्व्हानोने गाडी सुरू केली. लाकडं आणायला वर निघाला. मी त्याला म्हटलं, अरे, पाव उतरू दे. तो म्हणाला, "घेतो की तो मागे आता." आणि गेला. मंगळवारी दोन गाड्या गेल्या. जी गोष्ट एवढी वर्षं दोन गावांनी निमूट पाळली ती एका रिव्हर्समध्ये संपली. ऑफिसवाल्या साहेबांना माझी इतकी पत्रकं हलवू शकली नाहीत, आणि परंपरा म्हणजे बघा, एका गिअरने गेली. मी सिल्व्हानोशी महिनाभर बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

रोज मागे घेणं एर्मेतेला एकट्याने जमणार नव्हतं, आणि तो व्हॅन विकणार अशी आवई उठली. मग देल्फिनाने घराला कुलूप लावलं आणि पिएत्रासोर्दाला भट्टीच्या वरच्या खोलीत राहायला गेली. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे भिंती गरम असतात, गुडघ्यांना बरं. ऐंशीला टेकलेल्या दोन माणसांबद्दल गावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि पाद्रींनी दोनदा विषय काढून पाहिला. आता सकाळी व्हॅन उतरते तेव्हा मागचं एक दार उघडं असतं, आणि पावाच्या पालथ्या पेटीवर देल्फिना मागे तोंड करून बसलेली असते. समोरून गाडी आली की आतून तिचा आवाज येतो, डोंगर, समुद्र, डोंगर. सायकलवाले तिचा फोटो काढतात. साहेबांनी म्हणे तो छापून घेतलाय, रम्य मार्गाच्या कागदावर.

परवा मी तिला विचारलं, जमतं का त्या हट्टी माणसाबरोबर. तिने माझ्या हातातला पाव दाबून बघितला, नाक मुरडलं.

"काल वरच्या वळणावर थांबला आणि मागे घ्यायला लागला," ती म्हणाली. "समोर कोणी नाही. एक शेळीसुद्धा नाही. मी म्हटलं, कशाला घेतोस रे?"

"मग?"

"म्हणाला, तू सांगत राहा."