डेप्युटी बसायचा ती जागा

आधीच सांगते, भूतखेत, आत्मेबित्मे यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी धुळ्याची, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढंच खरं मानायची सवय. तरी हे लिहितेय... हसायचं त्यांनी खुशाल हसा.

पारोळ्याकडे आमचं एक लहानसं मातीचं धरण आहे. तिथले चौकीदार नाना आणि त्यांचा तांबडा कुत्रा. कुत्र्याचं नाव — डेप्युटी!

"पाहणीले येस आनि गार जागा देखीसन झोपी जास. मंग दुसरं काय नाव ठेवू?" असं नानांचं म्हणणं. खरेखुरे डेप्युटी इंजिनिअर आले की मात्र नानांची हाक बदलायची, "राजा, ये रे राजा!" मी रुमालात तोंड लपवून हसायचे.

मातीच्या धरणाची पाहणी म्हणजे मागच्या उतारावर, पायथ्याशी चालत जायचं आणि ओल शोधायची. थोडंफार पाणी पाझरतंच, नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ आलं तर मात्र आतली माती वाहून चाललीय... मग खैर नाही. डेप्युटी पुढे, आम्ही मागे. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे जिथे ओल तिथे हा हमखास पसरणार. उजवा पंजा लुळा, म्हणून बसण्याआधी डाव्यानेच माती उकरायचा. त्याची बैठक लांबूनही ओळखू यायची. "ऊठ रे आळशा!" म्हणून मी ढकलायचे, पण हा हलेल तर शपथ.

गेल्या उन्हाळ्यात तो म्हातारपणाने गेला. नानांनी पायथ्याच्या निंबाखाली पुरला. मी ऑफिसात ढसाढसा रडले, त्यात लाज कसली?

पावसाळा संपला, धरण काठोकाठ भरलं. पाहणीला गेले तर गवत कंबरेएवढं, कुणी कापलंच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. नाना निंबापाशी थांबले.

"ताई, तुम्ही व्हा पुढे. मना पाय उचलत नही."

खालीच वस्ती, तिच्यात नानांचं घर. मुलगी बाळंतपणाला आलेली, ओट्यावर झोळीत नातू झोपलेला.

मी एकटीच निघाले. त्या गवतात पायाखालचंही दिसत नव्हतं, पाहणी काय कपाळ होणार! आणि मध्येच गवत गोल दबलेलं दिसलं. कडेला माती उकरलेली, डाव्या अंगाला. तोंडातून आपसूक निघालं, "ऊठ रे आळशा..."

डेप्युटी तर निंबाखाली... मी वाकले.

हात लावला. दबलेलं गवत कोमट होतं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं. खाली बोटं घातली तर गार चिखल, आणि त्यातून बारीक धार. गढूळ.

"नाना, पोरीला आणि बाळाला घेऊन वर या! आत्ताच्या आत्ता!" मी एवढी ओरडले की घसा बसला. वस्ती रिकामी केली, फोन केले. धरणाचं दार उघडून पाणी उतरवायला लागलो. धारेवर वाळू, वर खडी, वर दगड रचले, म्हणजे पाणी येतं पण माती अडते. ऊन कलायच्या आत पाणी नितळ झालं, तेव्हा कुठे मी खाली बसले.

ऑफिसात सगळे म्हणाले, दुसरं कुत्रं बसलं असेल. मीही मनाला तेच समजावलं. पण भोवतीच्या चिखलात माझ्या बुटांशिवाय एक ठसा नव्हता. आणि दुसरं कुत्रं एकाच पंजाने कशाला उकरेल? निंबाखालची माती तर जशीच्या तशी होती, तीसुद्धा मी जाऊन पाहिली.

नानांना सगळं सांगितलं. ते निंबाच्या पुढे आले, त्या जागेवर अर्धी भाकर ठेवली आणि डोळे पुसत म्हणाले, "झाई तुनी ड्युटी. आते झोप."

कसं झालं, मला सांगता येत नाही. शोधायचंही सोडून दिलंय.

परवा नातवाचं बारसं झालं. आत्याने कानात छानसं नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना मात्र झोळीशी वाकून त्याला हाक मारतात, "राजा, ये रे राजा!"